शेवटचा जोड आणि आठ मिलिग्रॅम

पुण्यात धातुशास्त्राची पदवी घेऊन मी गंजाच्या अभ्यासासाठी स्वित्झर्लंडला गेले, तेव्हा पोलाद जितके महाग तितका डबा टिकाऊ, एवढीच माझी समजूत होती. अणुकचरा पुरण्याच्या कामाला स्टेनलेस का वापरत नाहीत, असे मी पहिल्याच आठवड्यात विचारून बसले. नवीन येणारा जवळपास प्रत्येक जण हेच विचारतो, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

आपल्या तारापूरला उच्च किरणोत्सारी कचरा बोरोसिलिकेट काचेत बंदिस्त करून स्टेनलेसच्या डब्यांत ओततात, झाकण वेल्ड करतात आणि ते डबे हवेने थंड राहणाऱ्या कोठारात देखरेखीखाली ठेवतात. स्वित्झर्लंडमध्ये मात्र डबे शेकडो मीटर खोल, ओपॅलिनस क्ले नावाच्या चिकणमातीच्या खडकात कायमचे पुरायचे आहेत, आणि डबा किमान 1000 वर्षे अभंग राहावा अशी नियमांची अट आहे. स्टेनलेसचे रक्षण करणारा पातळ थर क्लोराइडने एखाद्या ठिकाणी भेदला, तर तिथे खोल खड्डा पडतो किंवा ताण असलेल्या जागी तडा जातो, आणि हे कधी व कुठे होईल याचा हिशेब मांडता येत नाही. साधे कार्बन पोलाद सगळीकडून गंजते, पण प्राणवायू संपल्यावर, डब्याभोवती भरलेल्या बेंटोनाइट या पाण्याने फुगणाऱ्या मातीत त्याचा वेग वर्षाला एक-दोन मायक्रॉन एवढाच राहतो. दोन मायक्रॉन धरले तरी दहा हजार वर्षांत वीस मिलिमीटर जातात, आणि आराखड्यातली भिंत सुमारे 140 मिलिमीटर जाड आहे. या गंजातून हायड्रोजन निघतो आणि दाट खडकातून तो सहजी बाहेर पडत नाही, ही त्या निवडीची खरी किंमत आहे.

आता वेल्डिंग. इतकी जाड भिंत अरुंद खाचेच्या टिग पद्धतीने (टंगस्टनच्या टोकाची विजेची ठिणगी, भोवती निष्क्रिय वायू), थरावर थर चढवत जोडता येते, आणि दाबपात्रांच्या कारखान्यात काम केलेल्याला त्यात नवल वाटणार नाही. गोम अशी की झाकणाचा जोड कचरा आत गेल्यावर घालायचा असतो. त्या वेळी वेल्डर जवळ उभा राहू शकत नाही, सगळे काम जाड भिंतीआडून यंत्राने करावे लागते, आणि आतूनच गॅमा किरण येत असल्यामुळे जोडाची नेहमीची रेडिओग्राफी, म्हणजे किरणांनी छायाचित्र घेणे, अवघड होऊन तपासणीची मदार अल्ट्रासॉनिक ध्वनिलहरींवर राहते. त्याहून अवघड प्रश्न उष्णोपचाराचा आहे. जोडात उरलेला ताण घालवण्यासाठी पोलाद सुमारे 600 अंशांपर्यंत तापवतात, पण कचरा बंदिस्त केलेली आतली काच तितकी तापू देता येत नाही, म्हणून फक्त जोडाभोवतीचा पट्टा तापवून बाकीचा डबा थंड ठेवण्याची कसरत करावी लागते. ताण राहिला, तर गंजातून निघणारा हायड्रोजन नेमका वेल्डच्या उष्णतेने कडक झालेल्या भागात धातूला ठिसूळ करण्याची भीती असते. वेल्डिंग एका विभागाने आणि गंज दुसऱ्या विभागाने शिकवण्याची आपल्याकडची पद्धत म्हणूनच मला इथे अपुरी वाटते.

प्रयोगशाळेतले काम वाटते त्याहून संथ आणि नाजूक असते. दहा चौरस सेंटीमीटर पृष्ठभागाच्या तुकड्यावर वर्षाला एक मायक्रॉन गंज चढला, तर वजनातली घट जेमतेम आठ मिलिग्रॅम भरते. गंज काढण्यासाठी तुकडा हायड्रोक्लोरिक आम्ल, अँटिमनी ट्रायऑक्साइड आणि स्टॅनस क्लोराइडच्या द्रावणात बुडवतात. हे द्रावण चांगल्या धातूचाही किंचित अंश खाते, म्हणून न गंजलेला कोरा तुकडाही तितकाच वेळ बुडवून त्याची घट वजा करायची असते. ही वजाबाकी विसरलेल्याचे आकडे नेहमी जास्त येतात.

माझे आठ महिने एका हातमोज्याने घालवले. प्राणवायू दूर ठेवण्यासाठी आर्गन वायू भरलेल्या ग्लोव्ह बॉक्सच्या, म्हणजे हातमोजे बसवलेल्या बंद पेटीच्या, रबरी हातमोज्याला अंगठ्यापाशी सुईच्या टोकाएवढे छिद्र पडले होते. आतली तुकड्यांची बाटली उघडली तेव्हा प्राणवायूविना चढणाऱ्या काळ्याभोर मॅग्नेटाइटऐवजी कडेला साध्या गंजाचा विटकरी पट्टा दिसला. वेल्डचा उष्णताबाधित भाग (जोडालगतचा, न वितळता तापून बदललेला धातू) आणि मूळ धातू यांची तुलना करायची होती, पण प्राणवायू शिरल्यावर त्या तुलनेला अर्थच उरला नाही. तेव्हापासून दर सोमवारी हातमोजे तपासून मी वहीत नोंद करते आणि प्राणवायूच्या मापकावर एकट्यावर विसंबत नाही.

या वाटेने यायचे असेल, तर पदवीच्या काळातच एखाद्या वेल्डिंग शॉपमध्ये दोन महिने काढा आणि स्वतः रूट पास, म्हणजे जोडाच्या तळाचा पहिला थर, मारून, तो कापून, घासून, आम्लाने एच करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. विद्युतरसायनशास्त्र मन लावून शिका, कारण पोटेन्शियोस्टॅट या विद्युतदाब राखून गंजाचा प्रवाह मोजणाऱ्या यंत्रावरचा आलेख काढता येणारे पुष्कळ असतात, पण त्याचा अर्थ लावता येणारे थोडे. भारतात राहूनच यायचे असेल, तर भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रशिक्षणशाळेत धातुशास्त्राच्या पदवीधरांना वाट आहे. परदेशी अर्ज करताना मी वेल्डच्या नमुन्यांची स्वतः काढलेली छायाचित्रे जोडली होती, आणि मुलाखतीतला निम्मा वेळ त्यांवरच गेला.