विमानतळावरचा अग्निशामक फोम: या चुका टाळा

क्रॅश फायर टेंडरमधला, म्हणजे विमानतळाच्या अग्निशामक गाडीतला, जुना एएफएफएफ (फ्लोरिन असलेला फोम) उपसायचा, टाकीत एकदा पाणी फिरवायचं, फ्लोरिनमुक्त फोम भरायचा आणि फाईल बंद करायची. ही घाई मला सगळ्यात जास्त खटकते. जुन्या फोममधली पीफास, म्हणजे सहजी न मोडणारी फ्लोरिनयुक्त रसायनं, टाकीच्या भिंतींना, पाइपांना, प्रपोर्शनरला (पाण्यात फोम ठरल्या प्रमाणात मिसळणाऱ्या भागाला) थर धरून बसतात आणि नव्या फोममध्ये हळूहळू उतरत राहतात.

एका विमानतळावर गाडी एका दुपारीत धुतली, धुवण पावसाळी गटारात सोडलं. पुढे टाकीतल्या नव्या फोमचा नमुना तपासला तर त्यात पीएफओएस, पीफासमधलंच एक घातक रसायन! सगळ्यांनी पुरवठादाराला धारेवर धरलं. सीलबंद ड्रममधला नमुना मात्र स्वच्छ निघाला. गाडीखाली शिरून एकेक जोड उघडला, तेव्हा पंपाकडे जाणाऱ्या पाइपच्या खोलगट वळणात जुना फोम काकवीसारखा साचलेला सापडला. गाडी पुन्हा रिकामी झाली, महागडा नवा फोमही धोकादायक कचऱ्यात गेला. नाल्याला लागलेलं धुवण तर कायमचं गेलं. पीएफओएस 2009 पासून टिकाऊ घातक रसायनांवर बंधनं घालणाऱ्या स्टॉकहोम कराराच्या यादीत आहे. अमेरिकेने 2024 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी त्याची मर्यादा लिटरला 4 नॅनोग्रॅम ठरवली. यावरून त्या धुवणाची किंमत कळावी.

मी आधी सगळे ड्रेन कॉक, वळणं, बंद फाटे कागदावर उतरवून घेतो. प्रत्येक धुवण वेगळ्या टाकीत, वर चिठ्ठी. शेवटच्या धुवणाचा अहवाल हातात येईपर्यंत नवा ड्रम फोडू देत नाही. “साहेब, तीनदा धुतलंय की,” असं कुणी म्हटलं तरी नाही.

दुसरी खोड म्हणजे मिश्रण तपासायला गवतावर फोम मारणं. नव्या पोरांना मॉनिटरचा, म्हणजे गाडीवरच्या फोमच्या तोफेचा, पांढरा झोत बघायचा असतो, हे समजतं. पण फोम जमिनीवर न सोडता प्रमाण तपासणारी उपकरणं मिळतात, ती मागवून घ्या. झोत मारायचा सराव साध्या पाण्यावर होतो.

फ्लोरिनमुक्त फोमही नाल्यात सोडू नका. कुजताना तो पाण्यातला प्राणवायू ओढतो आणि मासे मरतात.

दोन कंपन्यांचे फोम एका टाकीत ओतू नका.

फोमचं पाणी सांडपाणी केंद्राकडे ढकलू नका. तिथले जिवाणू पीफास मोडू शकत नाहीत.

सरावाच्या जागेचं जुनं काँक्रीट फोडलंत, तर राडारोडा भरावाला देऊ नका. पाऊस पडला की त्यातून पीफास झिरपतं.

हँगरकडे, म्हणजे विमानं ठेवायच्या शेडकडे, तर कुणी बघतच नाही. 19 ऑगस्ट 2024 रोजी अमेरिकेत मेन राज्यातल्या ब्रन्सविकच्या विमानतळावर आग नसताना हँगरची फोम फवारणारी यंत्रणा सुटली आणि सुमारे 1,450 गॅलन फोम कॉन्सन्ट्रेट (पाणी न घातलेला मूळ फोम) पाण्यात मिसळून बाहेर पडलं. आपल्या हँगरचं गटार कुठे उघडतं, हे पावसाळ्याआधी स्वतः चालत जाऊन बघा. मुंबई विमानतळाच्या धावपट्टीखालून मिठी नदी वाहते, तिथे तर हे हवंच.

खऱ्या आगीत हात आखडता घेऊ नका, विमानात माणसं असतात. फक्त गटाराची झडप बंद करायचं काम ड्युटी लावतानाच एकाच्या नावावर टाका आणि झडपेची चावी स्टोअरमध्ये नको, गाडीतच ठेवा.