मुंबईत टॅपरूमला निघण्याआधी

टॅपरूम म्हणजे ताजी बिअर थेट नळातून ग्लासात देणारी जागा. तिथे जायचं तर आधी घरी परत कसं यायचं ते ठरवा, मग जायचं कुठे ते. मुंबईत हा क्रम उलटा केला की संध्याकाळचा विचका ठरलेला. लोकल साडेबारा-एकच्या सुमारास संपतात आणि मेट्रो त्याच्याही बऱ्याच आधी गाशा गुंडाळते. रिक्षा मिळते ती फक्त उपनगरात, म्हणजे पश्चिमेला वांद्र्यापर्यंत आणि पूर्वेला सायनपर्यंत. कुलाब्यात किंवा लोअर परळला बसणार असाल तर रिक्षा डोक्यातून काढून टाका. शुक्रवारी रात्री बाराच्या पुढे ॲपवाल्या टॅक्सीचे दर बघितले की प्यायलेली उतरते. म्हणून आपल्या मार्गावरची शेवटची लोकल किती वाजता आहे ते निघायच्या आधी बघून ठेवा आणि तिच्या आधीची पकडायची असं मनाशी ठरवा. नशेत डब्यात धिंगाणा घातला तर रेल्वे कायद्याचं कलम 145 आहे, तेव्हा गाणी घरी जाऊन म्हणा.

स्वतःची गाडी न्यायचीच नाही. स्कूटरसुद्धा नाही. ‘बिअरच तर आहे’ म्हणणारा एक तरी भिडू प्रत्येक टोळक्यात असतो, त्याच्यासाठी हा हिशेब. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बिअरमध्ये शुद्ध अल्कोहोल असतं 25 मिली. साठ मिलीच्या लार्ज व्हिस्कीतही जवळपास तेवढंच, कारण ती 42.8 टक्क्यांची. म्हणजे एक मोठा ग्लास रिचवला की एक लार्ज झाला, मग तो कितीही सोनेरी आणि निरागस दिसो. आणि क्राफ्ट बिअर, म्हणजे छोट्या ब्रुअरीत थोडी थोडी बनवलेली, पाचवर थांबतेच असं नाही. साडेसात टक्क्यांची एखादी बेल्जियन पद्धतीची एल (बिअरचाच एक प्रकार) घेतली तर तेवढ्याच ग्लासात दीड लार्ज. शरीर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निपटतं आणि पाच टक्क्यांच्या त्या एका ग्लासात 20 ग्रॅम असतं. दोन-तीन तास त्यातच गेले. मोटार वाहन कायद्याची मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमची आहे. पहिल्यांदा सापडलात तर 10,000 रुपयांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. नाकाबंदीतल्या हवालदाराला ‘फक्त क्राफ्ट घेतली’ असं सांगून उपयोग नाही.

आता जागा. एका संध्याकाळी दोन ठिकाणं पुष्कळ झाली आणि तीही एकाच पट्ट्यात. अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोड आणि न्यू लिंक रोडच्या आसपास, खार-वांद्र्यात, लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारात, नाहीतर थेट दक्षिणेला कुलाब्याकडे. अंधेरीत सुरुवात करून कुलाब्यात शेवट, असा बेत कागदावर छान दिसतो, प्रत्यक्षात अर्धी संध्याकाळ मागच्या सीटवर जाते. जाण्याआधी फोन करा. हे सांगायलाच हवं, कारण या धंद्यात जागा उघडतात, हलतात, बंद होतात, आणि इंटरनेटवर त्यांचे जुने पत्ते आणि जुनी मेन्यूकार्डं तशीच लटकत राहतात.

फोनवर दोन गोष्टी विचारा. आज नळावर काय काय आहे, आणि बिअर तिथेच बनते की केगमधून, म्हणजे पिंपातून, बाहेरून येते? दोन्ही प्रकार चांगले असू शकतात. फरक एवढाच, की मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बिअर जागेवरच बनते तिथे, स्टीलच्या टाक्या समोर दिसतात आणि नशीब चांगलं असेल तर ती बनवणारा ब्रुअर स्वतः भेटतो. या सगळ्याची महाराष्ट्रात सुरुवात झाली पुण्यात, 2009 मध्ये, डूलालीपासून. मुंबईत स्वतःची बिअर बनवून विकणारी पहिली जागा लोअर परळची द बार्किंग डिअर, 2013 मध्ये. गेटवे ब्रुइंग या कंपनीची बिअर मात्र बनायची डोंबिवलीत आणि तिथून केग शहरभर जायचे. दक्षिण मुंबईतल्या एखाद्या झकपक बारमध्ये कुणी फारच टेचात बसला असेल तर त्याला ही माहिती जरूर द्यावी. डोंबिवलीकरांचा तेवढा हक्क आहे.

कॅलेंडर बघा, आणि भिंतीवरचं बघा, कारण फोनमधल्यात आषाढी एकादशी असतेच असं नाही. 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, आषाढी, अनंत चतुर्दशी हे ड्राय डे. निवडणूक असेल तर मतदान संपायच्या आधीचे 48 तासही कोरडे. गटारीच्या दिवशी जाऊ नका. गर्दी तर असतेच, शिवाय त्या दिवशी लोक चवीसाठी येत नाहीत, कोटा पुरा करायला येतात. त्याउलट श्रावण सुरू झाला की पाळणारे घरी बसतात. तुम्ही पाळत नसाल तर टॅपरूमला जायला याहून चांगला महिना नाही: टेबल लगेच मिळतं आणि काउंटरवरच्या माणसाला बोलायला सवड असते. वारही तसाच निवडा, मंगळवार-बुधवार. शनिवारी रात्री नऊला गेलात तर आधी दाराबाहेर उभं राहायचं आणि मग आत गाण्याच्या आवाजावर ओरडून ऑर्डर द्यायची.

पावसाळ्यात आणखी एक काम वाढतं. समुद्राला मोठी भरती कधी आहे ते बघा. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका दर वर्षी आधीच जाहीर करते. त्या वेळेत मुसळधार पाऊस गाठला की पाण्याला जायला वाट नसते, मग अंधेरीचा सबवे बंद, हिंदमाताला गुडघाभर पाणी आणि तुम्ही रिकाम्या ग्लाससमोर. अशा दिवशी घराजवळचं ठिकाण बघा किंवा बेत सरळ पुढे ढकला.

खिशात वयाचा सरकारी पुरावा हवा, मग तुमचे केस पांढरे असले तरी. महाराष्ट्रात सौम्य बिअर आणि वाइनसाठी 21 आणि बाकी मद्यासाठी 25 अशी वयाची अट आहे, पण काही ठिकाणी दारावर सरसकट 25 विचारतात. बरोबर तेविशीतला भाचा असेल तर हेही फोनवरच विचारून घ्या, नाहीतर बिचारा बाहेर ताटकळेल. परमिट ही दुसरी गोष्ट. 1949 च्या दारूबंदी कायद्यानुसार आपल्याकडे प्यायला परवाना लागतो, हे निम्म्या पिणाऱ्यांच्या गावीही नसतं. एक दिवसाचा पाच रुपयांत, वर्षाचा शंभरात आणि आयुष्यभराचा हजारात. नेहमी जाणार असाल तर हजार रुपये एकदाच टाका आणि विषय संपवा.

निघण्यापूर्वी जेवा. चखण्याच्या भरवशावर राहू नका, चखणा खारट असतो तो तहान वाढवायलाच. दोन थालीपिठं आणि लोण्याचा गोळा, किंवा सरळ वरणभात-तूप. पोट भरलेलं असलं की अल्कोहोल रक्तात सावकाश उतरतं आणि जिभेवरही ताबा राहतो. मिसळ मात्र नको. ज्या जिभेवर कट आहे तिला हॉप्सचा, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा, कडवटपणा कळणार नाही. पाण्याचं विसरू नका. मे महिन्यात किंवा ऑक्टोबर हीटमध्ये लोकलने पोहोचेपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो आणि पहिला गार ग्लास तहान म्हणून एका दमात संपतो. त्या ग्लासची चव कुणालाच आठवत नाही. पोहोचल्याबरोबर आधी दोन ग्लास साधं पाणी प्या, मग बिअर मागवा, आणि पुढेही प्रत्येक ग्लासमागे एक ग्लास पाणी.

औषधं सुरू असतील तर डॉक्टरांना विचारा. मेट्रोनिडाझोल हे अँटिबायोटिक चालू असताना दारू चालत नाही, सर्दीच्या काही गोळ्यांनी आधीच झोप येते, आणि मधुमेहाच्या औषधांबरोबर उपाशीपोटी पिणं धोक्याचं. बिअरमध्ये बार्ली असते, कधी गहूही. ग्लुटेन चालत नसेल त्यांनी सफरचंदाच्या रसाची सायडर आहे का बघावं, किंवा मध आंबवून केलेलं मीड. पुण्याच्या मूनशाईनचं मीड मुंबईतही मिळतं.

कपडे सुती, पण बरोबर एक पातळ ओढणी किंवा शर्ट असू द्या, कारण बाहेर घामाच्या धारा आणि आत एसी थेट मानेवर. अत्तर, बॉडी स्प्रे घरीच ठेवा. तुमच्या मोगऱ्यापुढे टेबलावरच्या कुणालाच ग्लासाचा वास येणार नाही आणि बिअरची अर्धी गंमत वासातच असते.

कुणाला बरोबर न्यायचं ते नीट ठरवा. चौघंजण ठीक. चार वेगवेगळे ग्लास मागवून सगळ्यांना एकेक घोट चाखता येतो. दहाजणांत हिशेबाची भांडणंच जास्त. न पिणारा कुणी येत असेल तर त्याच्यासाठी कोम्बुचा (आंबवलेला चहा), जिंजर एल (आल्याचं सॉफ्ट ड्रिंक) असं काहीतरी मिळतं का ते बघा, आणि त्याला ‘अरे, थोडी घे ना’ असं एकदाही म्हणू नका. तो येतोय हेच उपकार समजा.

आता प्रत्यक्ष ग्लास. बहुतेक ठिकाणी फ्लाइट, म्हणजे वेगवेगळ्या बिअरच्या लहान ग्लासांचा संच, मिळतो, नाहीतर घोटभर सॅम्पल देतात. सॅम्पल दोन मागावेत, फार तर तीन, काउंटरवर रांग असेल तर एकच. क्रम हलक्याकडून जडाकडे: आधी पिल्सनर (हलकी, सोनेरी) किंवा गव्हाची, मग एल, मग आयपीए (हॉप्समुळे चांगलीच कडवट), शेवटी स्टाउट (काळी, जड). सुरुवातच आयपीएने केलीत तर पुढची गव्हाची बिअर पाण्यासारखी लागेल. गव्हाच्या बिअरमध्ये दोन घराणी. जर्मन हेफेवायझेनला पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, पण त्यात ना केळं असतं ना लवंग. ती सगळी यीस्टची करामत. बेल्जियन विटमध्ये मात्र खरोखरच धने आणि संत्र्याची साल घालतात. धने ओळखायला मराठी नाकाला शिकवणी लागत नाही, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना मी विटच सुचवतो. इथल्या मातीचं काही हवं असेल तर पुण्याच्या ग्रेट स्टेट ब्रुअरीची खारट कोकमाची एल नळावर आहे का विचारा. आधी सोलकढीची आठवण येते आणि दुसऱ्या घोटाला ती बिअर असल्याचं कळतं.

ग्लास हातात आला की प्यायच्या आधी त्याच्या कडेने बघा. आतल्या काचेला बुडबुडे चिकटून बसले असतील तर ग्लास नीट धुतलेला नाही. स्वच्छ ग्लासात बुडबुडे सरळ वर जातात आणि प्रत्येक घोटाबरोबर फेसाची एकेक कडी काचेवर मागे राहते. तळलेल्या कोळंबीचे तेलकट ओठ लावले की तोच फेस मिनिटभरात बसतो, तेव्हा आधी ओठ पुसा. मग वास घ्या. लोण्यासारखा किंवा टॉफीसारखा वास बहुतेक बिअरमध्ये दोष धरतात. ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे बिअर जुनी झाली. आंबट म्हणून बनवलेली नसताना व्हिनेगरसारखी लागली तर नळाच्या नळ्या धुतलेल्या नसतील. असं वाटलं तर शांतपणे सांगा आणि बदलून मागा. चांगल्या जागी कुरकुर न करता बदलून देतात. जिथे वाद घालतात तिथे दुसरा ग्लास मागवायचाच कशाला?

लोअर परळला किंवा कुठल्याही गच्चीवरच्या जागी बसताना बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुठे आहे ते बसायच्या आधी बघून घ्या. 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्र उलटल्यावर लोअर परळच्या कमला मिल्समध्ये लागलेल्या आगीत 14 माणसं गेली. दुसरं दार खोक्यांनी अडलेलं दिसलं तर तिथे बसू नका, बिअर कितीही नावाजलेली असो.

बिलात खाण्यावर जीएसटी लागतो, मद्यावर व्हॅट. मेन्यूवरचा आकडा करासकट आहे की कर वेगळा, ते पहिल्या ऑर्डरआधीच विचारा. सर्व्हिस चार्ज ऐच्छिक असतो. द्यायचा नसेल तर काढायला सांगा आणि वाढणाऱ्याच्या हातात टिप रोख ठेवा.

घरी न्यायला ग्राउलरमध्ये, म्हणजे झाकणाच्या मोठ्या बाटलीत, बिअर भरून देतात का तेही विचारून बघा. 2020 च्या लॉकडाउनमध्ये मायक्रोब्रुअरींना तशी परवानगी मिळाली होती. ही बिअर पाश्चराइझ केलेली नसते, म्हणून जाड पिशवीत बर्फ घेऊन जा, घरी गेल्यागेल्या बाटली फ्रिजमध्ये उभी ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. एकदा झाकण उघडलं की त्याच दिवशी. रिकामा ग्राउलर साबणाने घासू नका. लगेच गरम पाण्याने दोनदा विसळून उपडा ठेवा आणि पूर्ण वाळल्याशिवाय झाकण लावू नका, मुंबईच्या दमट हवेत आत बुरशी धरायला एक रात्र पुरते.