घरी शिकणाऱ्या मुलाची स्पेलिंग बीसाठी तयारी कशी करून घ्यावी

अमेरिकेत शाळेत न जाता घरी शिकणारी मुले आणि स्पेलिंग बी, म्हणजे इंग्रजी शब्दांचे स्पेलिंग तोंडी अचूक सांगण्याची स्पर्धा, यांचे नाते जुने आहे. १९२५ साली सुरू झालेल्या आणि आज स्क्रिप्स नॅशनल स्पेलिंग बी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राष्ट्रीय स्पर्धेत, घरी शिकणारी पहिली विजेती १९९७ साली झाली. ती ब्रुकलिनची रिबेका सीलफॉन. २००० साली जॉर्ज अब्राहम थँपी जिंकला, तेव्हा पहिले तीनही क्रमांक घरी शिकणाऱ्या मुलांनीच पटकावले होते. पुढे २००७ मध्ये कॅलिफोर्नियाचा इव्हान ओडॉर्नी आणि २०२१ मध्ये लुइझियानाची झायला अवांगार्ड यांनी हेच विजेतेपद मिळवले. शाळेच्या तासांत न बांधलेला वेळ हे या मुलांचे मोठे बळ असते. मात्र शाळा जे आपोआप पुरवते, म्हणजे नोंदणी, प्रतिस्पर्धी आणि श्रोते, ते पालकांना स्वतः उभे करावे लागते. अमेरिकेत राहणाऱ्या आणि मुलांना घरी शिकवणाऱ्या मराठी पालकांना डोळ्यांपुढे ठेवून पुढील क्रम मांडला आहे.

आधी नियम, मग शब्द

ही स्पर्धा आठवीपर्यंतच्या मुलांसाठी असून तिला वयाचीही मर्यादा आहे, त्यामुळे चालू वर्षाची नियमावली प्रथम मुळातून वाचावी. घरी शिकवणारे कुटुंब स्वतःची स्वतंत्र नोंदणी करू शकते, किंवा अशा कुटुंबांच्या स्थानिक गटामार्फत सहभागी होऊ शकते. माझ्या मते गटाचा मार्ग अधिक चांगला, कारण त्यात मुलाला पहिल्या पातळीवरच खरे प्रतिस्पर्धी मिळतात. नोंदणी शैक्षणिक वर्षाच्या सुरुवातीलाच करावी आणि आपल्या भागातील प्रादेशिक स्पर्धा कोण भरवते, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे. काही ठिकाणी ती वर्तमानपत्र भरवते, तर काही ठिकाणी विद्यापीठ किंवा एखादी संस्था. घरी शिकवण्यास सर्व ५० राज्यांत कायद्याची मान्यता आहे, परंतु कळवण्याच्या आणि नोंदी ठेवण्याच्या अटी राज्यागणिक बदलतात. त्या कागदपत्रांची पूर्तता आधीच झालेली असावी.

नियमावलीतील एक अट घरी शिकणाऱ्यांनी विशेष लक्षात ठेवावी, ती म्हणजे स्पर्धेच्या तयारीसाठी नेहमीचे शिक्षण बाजूला सारता येत नाही. स्पेलिंग, शब्दसंग्रह, लॅटिन यांसारखे विषय वगळून इतर किमान ४ विषयांचा अभ्यास कामकाजाच्या दिवशी किमान ४ तास व्हावा, अशी या अटीची मांडणी राहिली आहे. ही अट मला अत्यंत योग्य वाटते. थँपी ज्या वर्षी ही स्पर्धा जिंकला, त्याच वर्षी तो राष्ट्रीय भूगोल स्पर्धेत दुसरा आला होता. ओडॉर्नीने पुढे गणितात मोठे यश मिळवले. अवांगार्ड बास्केटबॉलमध्येही निपुण होती. सकाळ इतर विषयांसाठी राखून ठेवावी आणि शब्दांचा अभ्यास दुपारनंतर घ्यावा.

शब्द कुठून घ्यावेत

पहिल्या पातळीसाठी इयत्तावार विभागलेली सुमारे ४५० शब्दांची यादी मिळते. तिच्या पुढे सुमारे ४००० शब्दांची मोठी यादी असून ती काठिण्यानुसार तीन टप्प्यांत लावलेली आहे. प्रादेशिक स्पर्धेची तयारी मुख्यतः या यादीवर होते. राष्ट्रीय पातळीवर मात्र मेरियम-वेबस्टरच्या बृहद् शब्दकोशातील कोणताही शब्द विचारला जाऊ शकतो, आणि त्या कोशात ४ लाख ७० हजारांहून अधिक नोंदी आहेत. इतके शब्द कोणी पाठ करू शकत नाही. म्हणून याद्या शिकत असतानाच शब्दांचे मूळ शिकवायला सुरुवात करावी.

मोकळा वेळ खरा सत्कारणी लागतो तो इथेच. आठवड्याला एकच भाषा घ्यावी आणि तिच्या सवयी मुलाला स्वतः शोधू द्याव्यात. ग्रीक मूळ असेल तर ‘फ’ हा ध्वनी बहुधा पी-एच असा लिहिला जातो, ‘क’ अनेकदा सी-एच असा, आणि शब्दाच्या आरंभी उच्चारात न येणारा पी दडलेला असू शकतो. २०२३ चा विजयी शब्द सॅमोफाइल याच जातीचा होता: पी-एस-ए-एम-एम-ओ-पी-एच-आय-एल-ई. ग्रीकमध्ये पहिला अंश वाळूचा आणि दुसरा आवडीचा. हे दोन अंश ज्याला ठाऊक आहेत, त्याने हा शब्द आधी पाहिला नसला तरी तो अडत नाही. फ्रेंचमध्ये तीच सी-एच ही जोडी ‘श’ होते. २००० सालच्या डिमार्श या विजयी शब्दाचा शेवट सी-एच-ई असा आहे. जर्मन शब्दांत ‘श’साठी एस-सी-एच येते. व्यासपीठावर शब्दाची मूळ भाषा विचारता येते, पण त्या उत्तराचा उपयोग या सवयी अंगवळणी पडल्या असतील तरच होतो.

सर्वांत अवघड जागा असते ती आघात, म्हणजे उच्चारातील जोर, नसलेल्या स्वराची. तो पुसट उच्चारला जातो आणि इंग्रजीतील कोणत्याही स्वराक्षराने लिहिलेला असू शकतो. अशा वेळी त्याच कुळातील असा शब्द आठवायला शिकवावे, ज्यात आघात त्या स्वरावर येतो. ग्रॅमर या शब्दाचा शेवट ई-आर की ए-आर, असा प्रश्न पडला तर ग्रमॅटिकल उच्चारून पाहावा; त्यात ‘ॲ’ स्पष्ट ऐकू येतो, म्हणजे अक्षर ए.

मराठी घरात घ्यायची काळजी

पालकच शब्द उच्चारून दाखवतात, तेव्हा आपल्या उच्चारांची सवय मुलाच्या कानावर बसते. मराठीत व्ही आणि डब्ल्यू या दोन्ही अक्षरांसाठी आपण एकच ‘व’ वापरतो, आणि टी साठी आपला ‘ट’ येतो. स्पर्धेतील उच्चारक, म्हणजे शब्द उच्चारून देणारी व्यक्ती, मात्र अमेरिकी कोशातील उच्चार करतो. म्हणून नवा शब्द कोशाच्या ध्वनिमुद्रणातूनच ऐकवावा, आणि पालकांनी नंतर केवळ अक्षरे तपासावीत. भारतीय भाषांतून इंग्रजीत गेलेल्या शब्दांबाबत उलट काळजी घ्यावी लागते. शब्द ओळखीचा म्हणून मूल निर्धास्त राहते, पण चटणीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘अ’साठी यू आणि शेवटी ई-वाय आहे. असे शब्द वेगळ्या वहीत नोंदवून ते कोशाप्रमाणेच पाठ करून घ्यावेत.

२०२१ पासून राष्ट्रीय स्पर्धेत व्यासपीठावर शब्दार्थांच्याही फेऱ्या होतात, तेव्हा प्रत्येक शब्दासोबत त्याचा अर्थ आणि एक वाक्य लिहिण्याची शिस्त आरंभापासून ठेवावी. याला भरपूर अवांतर वाचनाची जोड द्यावी.

व्यासपीठाचा सराव

स्वयंपाकघरातील टेबलाशी बिनचूक सांगणारे मूल अनोळखी श्रोत्यांसमोर गडबडते, आणि घरी शिकणाऱ्या मुलाला अशा प्रसंगांची सवय कमी असते. महिन्यातून निदान एकदा स्थानिक गटात, ग्रंथालयात किंवा शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत सराव स्पर्धा भरवावी. उच्चारक म्हणून आई-वडिलांऐवजी दुसऱ्या कोणाला तरी बसवावे. मुलाने उभे राहावे, शब्द स्वतः उच्चारावा, मग अर्थ, शब्दजाती, मूळ भाषा, वाक्यातील उपयोग आणि पर्यायी उच्चार विचारावेत, आणि त्यानंतरच अक्षरे सांगावीत. हे सर्व प्रश्न सोप्या शब्दालाही विचारण्याची सवय लावावी, म्हणजे कठीण शब्दाला घाई होत नाही. मध्येच थांबून पुन्हा सुरुवात करता येते, पण एकदा उच्चारलेले अक्षर किंवा त्याचा क्रम बदलता येत नाही, हे सरावातही काटेकोरपणे पाळावे. चुकीनंतर वाजणारी घंटाही सरावात असावी. तिची सवय झाली की भीती कमी होते.

भारतीय वंशाच्या मुलांसाठी १९८९ साली स्थापन झालेल्या नॉर्थ साउथ फाउंडेशनच्या स्पर्धा हाही उत्तम सराव आहे. ही संस्था भारतातील गरजू विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्याही देते, हे मुलाला आवर्जून सांगावे. राष्ट्रीय स्पर्धेत नेहमीच्या फेऱ्यांतून विजेता न ठरल्यास घेतल्या जाणाऱ्या ९० सेकंदांच्या जलद फेरीची तयारी मात्र राष्ट्रीय पातळी गाठेपर्यंत करू नये. वेगाचा आग्रह लवकर धरला तर विचारपूर्वक प्रश्न विचारण्याची सवय मोडते.

स्पर्धेत एक सोडून सर्वांच्या वाट्याला बहुधा घंटाच येते. त्या दिवशी शब्दांची चर्चा करू नये. दोन-तीन दिवसांनी चुकलेला शब्द त्याच्या मुळासह वहीत लिहून घ्यावा आणि चूक कोणत्या प्रकारची होती, म्हणजे मूळ ओळखता आले नाही, पुसट स्वराने फसवले, की घाई झाली, हे मुलाकडूनच समजून घ्यावे. पुढील वर्षी पुन्हा उतरायचे की नाही, हा निर्णय मुलाचा असावा, आणि तो नव्या नोंदणीची मुदत सुरू होण्याआधी विचारावा.