जुन्या लॅपटॉपवर लिनक्स टाकताय? निवडीतल्या या चुका टाळा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारण आठव्या पिढीपासूनचा इंटेल प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीचे कितीतरी धडधाकट लॅपटॉप यादीबाहेर गेले. त्यांच्यावर लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी संगणक प्रणाली, उत्तम चालतं. तिचे मिंट, उबुंटू, फेडोरा असे बरेच प्रकार आहेत, फक्त निवड यंत्र आणि काम बघून करायला हवी. बहुतेक जण "सर्वांत चांगलं लिनक्स कोणतं?" इथून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

कामांची यादी न करता डाउनलोड करणं

आधी कागदावर लिहा: रोज कोणते प्रोग्रॅम उघडता, कोणता प्रिंटर आहे, कोणत्या फाइल्स येतात-जातात. ब्राउझर, मेल, व्हिडिओ, लिब्रेऑफिस एवढंच असेल तर काही अडत नाही. टॅलीवर हिशेब असतील तर ते यंत्र विंडोजवरच ठेवा. वाइन या विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या साधनातून टॅली उघडलीच, तरी रोजच्या व्यवहारासाठी तेवढा भरवसा पुरत नाही. डिजिटल सहीचा टोकन वापरत असाल तर त्याचा लिनक्स ड्रायव्हर मिळतो का, हे आधी बघा. व्हॅलोरंट खेळणाऱ्या मुलांनाही आधीच सांगून ठेवा, त्याची अँटी-चीट प्रणाली लिनक्सवर चालत नाही.

प्रिंटरची चौकशी सगळ्यात महत्त्वाची. एचपीचे बरेच प्रिंटर जोडताच ओळखले जातात. पण आपल्याकडच्या असंख्य दुकानांत आणि कार्यालयांत असलेल्या कॅनन एलबीपी २९०० ला कंपनीचा स्वतंत्र कॅप्ट ड्रायव्हर लागतो आणि नव्या ६४-बिट लिनक्सवर तो बसवणं जिकिरीचं होतं.

मराठी मजकुराचं वेगळं पाहावं लागतं. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या जुन्या फाइल्स तो फाँट नसेल तर निरर्थक इंग्रजी अक्षरांसारख्या दिसतात. विंडोज हाताशी आहे तोवरच त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. सरकारी पत्रं मंगल फाँटमध्ये असतात. तो मायक्रोसॉफ्टचा असल्यामुळे लिनक्ससोबत येत नाही. मजकूर लिनक्सवरच्या नोटो किंवा लोहित फाँटमध्ये नीट वाचता येतो, पण ओळी आणि पानं सरकतात. छापायची प्रत असेल तर समोरच्याकडून पीडीएफ मागा.

नाव बघून निवडणं

यंत्र जड किंवा हलकं वाटतं ते मुख्यतः डेस्कटॉपमुळे (खिडक्या-मेनूंचा दिसणारा भाग; एक्सएफसीई, सिनॅमन, ग्नोम, प्लाझ्मा ही त्यांची नावं) आणि ब्राउझरमुळे. ४ जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. ८ जीबी असेल तर मिंट सिनॅमन, उबुंटूचा ग्नोम किंवा केडीई प्लाझ्मा, जे डोळ्यांना आवडेल ते. २ जीबीवर अँटीएक्स हे हलकं लिनक्स सुरू होईल, पण ब्राउझरचे चार टॅब उघडले की पुन्हा रडगाणं. तिथे रॅम वाढवणं हाच उपाय. आणि अजून जुनी फिरती हार्डडिस्क असेल तर आधी २५६ जीबीची साटा एसएसडी बसवा. कोणतंही लिनक्स बदलून जो फरक पडणार नाही तो तिने पडतो.

यूट्यूब पाहून काली लिनक्स टाकणारे विद्यार्थी खूप आहेत. काली सुरक्षा-चाचणीसाठी आहे. लिनक्सची ओळख नसलेल्यांनी ते घेऊ नये, असं त्याच्या निर्मात्यांनीच लिहून ठेवलं आहे.

सपोर्टची मुदतही बघा. उबुंटूच्या एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) आवृत्तीला पाच वर्षं अपडेट मिळतात, मधल्या आवृत्त्यांना फक्त नऊ महिने. फेडोराची प्रत्येक आवृत्ती साधारण तेरा महिने चालते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत. आर्च लिनक्समध्ये अपडेट सतत येत राहतात, म्हणून महिन्यातून दोनदा उघडल्या जाणाऱ्या घरच्या यंत्रावर ते नको. याउलट लॅपटॉप अगदी नवा असेल आणि मिंटला त्याचं वायफाय ओळखता येत नसेल, तर फेडोरा वापरून बघा. त्यात कर्नल, म्हणजे हार्डवेअर हाताळणारा लिनक्सचा गाभा, नवा असतो.

लाइव्ह पेनड्राइव्हवर न तपासता इन्स्टॉल करणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. फाइल अधिकृत साइटवरूनच घ्या, तिचा एसएचए-२५६ (फाइल अस्सल आहे का ते दाखवणारा आकडा) साइटवरच्याशी जुळवा, रूफस किंवा बॅलेना एचर या प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिहा. डेल-लेनोवोवर सहसा एफ१२, एचपीवर एफ९, आसूसवर एस्केप दाबून त्यावरून यंत्र सुरू करा. मग डिस्कला हात न लावता अर्धा तास हे तपासा: वायफाय, आवाज, माइक, कॅमेरा, टचपॅड, ब्राइटनेसची बटणं, प्रिंटर. झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर यंत्र जागं होतं का, हे विसरू नका. कीबोर्ड सेटिंग्जमध्ये मराठी जोडून टायपिंगही करून बघा. तयार मिळतो तो सहसा इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिपींचा प्रमाण कीबोर्ड. उच्चारानुसार टाइप करणाऱ्यांना आयबस-एम१७एन हे पॅकेज वेगळं घ्यावं लागू शकतं. वेगावरून मात्र मत बनवू नका, पेनड्राइव्ह मुळातच मंद असतो.

इथे अडलंच तर:

- स्क्रीन काळी राहिली तर सुरुवातीच्या मेनूत कम्पॅटिबिलिटी मोड निवडा. एनव्हिडियाच्या कार्डांवर हे बरेचदा होतं.
- वायफाय दिसत नसेल तर कार्ड ब्रॉडकॉमचं असण्याची शक्यता मोठी. फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग सुरू करा आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर घ्या.
- एसएसडी दिसत नसेल तर बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंग्जमध्ये) डिस्क हाताळणारा इंटेल आरएसटी चालू असण्याची शक्यता असते. तो थेट एएचसीआय या साध्या पद्धतीवर नेलात तर विंडोज उघडणार नाही. आधी विंडोजच्या एमएसकॉन्फिगमधून सेफ बूट लावा, बायोस बदला, एकदा सेफ मोडमध्ये विंडोज उघडा आणि मग सेफ बूट काढा.

विंडोजशेजारी बसवताना घाई करणं

बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवल्याशिवाय बायोसला हात लावू नका. ती हरवली तर डेटा गेला. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर घ्या. जागा विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून मोकळी करा, किमान ५० जीबी. फास्ट स्टार्टअप बंद करा. तो चालू राहिला तर विंडोज पूर्ण बंदच होत नाही आणि लिनक्समधून त्याच्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही. इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क' हा पर्याय पूर्ण डिस्क पुसतो, फक्त मोकळी जागा नव्हे.

सिक्युअर बूट (फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी बायोसची सुरक्षा) चालू असताना एनव्हिडिया किंवा ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर बसवला की एक पासवर्ड ठरवायला सांगतात. पुढच्या रीस्टार्टला निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल एमओके' निवडून तोच पासवर्ड द्या. घाईत पुढे गेलात तर ड्रायव्हर बसलेला दिसेल, पण चालणार नाही.

सगळं झाल्यावर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लिनक्स मदरबोर्डचं घड्याळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर ठेवतं, विंडोज तेच आकडे भारतीय वेळ समजून वाचतं. लिनक्समध्ये टाइमडेटसीटीएल (timedatectl) या आज्ञेने हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर लावा, म्हणजे दोन्हीकडे वेळ जुळेल.