बँडच्या रचनेमागची गोष्ट कशी शोधावी आणि निवेदनात कशी सांगावी

कॉन्सर्ट बँड म्हणजे बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रोम्बोन, ट्यूबा अशी फुंकून वाजवायची वाद्ये आणि त्यांच्या जोडीला तालवाद्यांचा मोठा ताफा; व्हायोलिनचा कुटुंबकबिला यात नसतो. बँड म्हटले की आपल्याला लग्नाची वरात किंवा पोलिसांचे संचलन आठवते, परंतु सभागृहात शांत बसून ऐकण्यासाठी या वाद्यसमूहाकरिता मुद्दाम लिहिलेले संगीत शंभराहून अधिक वर्षांपासून चालत आले आहे, आणि अमेरिकेत शिकणारी मराठी घरांतली कितीतरी मुले शाळेच्या बँडमध्ये तेच वाजवतात. अशा कार्यक्रमाचे निवेदन लिहिण्याची किंवा पत्रिकेत प्रत्येक रचनेविषयी चार ओळी देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर येते, त्यांच्यासाठी पुढील मजकूर आहे. त्यातले मुख्य सूत्र आधीच सांगून ठेवतो: जी गोष्ट पुढच्या दहा मिनिटांत श्रोत्याच्या कानाला सापडणार आहे, तीच सांगावी, बाकीची कितीही रंजक असली तरी वगळावी.

स्कोअरच्या पहिल्या पानापासून सुरुवात

माहिती शोधायला लोक थेट इंटरनेटवर जातात आणि एकमेकांवरून उतरवलेली तीच ती वाक्ये घेऊन परत येतात. त्याऐवजी बँडच्या संचालकाकडून संपूर्ण स्कोअर, म्हणजे सर्व वाद्यांचे स्वरलेखन एकत्र असलेली प्रत, मागून घ्यावा आणि पहिली एकदोन पाने वाचावीत. बँडसाठी लिहिणारे बहुतेक आधुनिक संगीतकार आपल्या रचनेचे निमित्त, घेतलेल्या चाली, अर्पणपत्रिका आणि वादकांसाठीच्या सूचना तिथेच छापतात. कारेल हुसा यांच्या ‘म्युझिक फॉर प्राग १९६८’ या रचनेत तर संगीतकाराने प्रस्तावना लिहिली आहे आणि ती प्रयोगाच्या वेळी पत्रिकेत छापावी किंवा श्रोत्यांना वाचून दाखवावी, अशी त्यांची अपेक्षा आहे. अशा ठिकाणी निवेदकाने स्वतःची लेखणी आवरावी.

हुसा मूळचे प्रागचे, म्हणजे तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीतले. १९५४ पासून ते अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होते. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्याच्या बातम्या त्यांनी दूरदेशी रेडिओवर ऐकल्या आणि त्याच वर्षी इथाका कॉलेजच्या बँडसाठी ही रचना लिहिली. ३१ जानेवारी १९६९ रोजी वॉशिंग्टनमध्ये तिचा पहिला प्रयोग झाला. एवढा इतिहास दोन वाक्यांत बसतो. निवेदकाला खरे भांडवल मिळते ते प्रस्तावनेच्या पुढच्या भागात, कारण तिथे हुसा कोणता स्वर कशासाठी आहे ते सांगतात. आरंभी एकटा पिकोलो, म्हणजे उंच स्वराची छोटी बासरी, पक्ष्यासारखा बोलतो. तो स्वातंत्र्याचे प्रतीक आहे, आणि प्रागला आपल्या हजार वर्षांच्या आयुष्यात ते क्षणभरच लाभले असे हुसा म्हणतात. टिंपनीवर, म्हणजे सुरात लावलेल्या मोठ्या नगाऱ्यांवर, हलकेच उमटणारी चाल पंधराव्या शतकातल्या हुसाइट (चेक धर्मसुधारक यान हुस यांच्या अनुयायी) योद्ध्यांच्या रणगीताची आहे आणि चेक लोकांनी ती संकटकाळी शतकानुशतके उराशी धरली आहे. घंटांचा नाद प्रागच्या मनोऱ्यांचा, कधी विजयाचा तर कधी धोक्याचा इशारा देणारा. हे तीन धागे सांगितले की नवख्या श्रोत्यालाही रचनेत शिरायला वाट मिळते: सुरुवातीला दबक्या आवाजात आलेले रणगीत शेवटी सगळा बँड एकसुरात कसे म्हणतो, हे त्याला कुणी समजावून द्यावे लागत नाही. तिसरा भाग केवळ तालवाद्यांचा आहे, एवढे मात्र आधी सांगून ठेवावे, नाही तर लोक टाळ्या केव्हा वाजवायच्या या विचारात पडतात. आणि वेळ उरला तर हेही सांगावे की हे संगीत स्वतः हुसा यांना प्रागमध्ये सादर करता आले ते साम्यवादी राजवट कोसळल्यावर, १९९० मध्ये.

निमित्त, सामग्री आणि शीर्षक यांची गल्लत टाळावी

रचनेमागची प्रेरणा म्हणून जे सांगितले जाते त्यात सहसा तीन निराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. रचना कुणी आणि कशासाठी लिहून घेतली, हे निमित्त. तिच्यात कुठली जुनी चाल किंवा कुठली कविता वापरली आहे, ही सामग्री. आणि शीर्षक हा तिसरा प्रकार, जे कधी सुरुवातीपासून मनात असते तर कधी सगळे लिहून झाल्यावर सुचते. टिपण काढताना या तिन्हींसाठी वेगवेगळे रकाने करावेत आणि जो रकाना रिकामा राहील तो रिकामाच ठेवावा.

तसे न केल्यास काय होते, हे अमेरिकन संगीतकार आरन कोपलंड यांच्या १९६४ सालच्या ‘एम्ब्लेम्स’वरून कळेल. तिच्या संथ भागात ‘अमेझिंग ग्रेस’ या प्रसिद्ध भजनाची चाल थोडीशी ऐकू येते, म्हणून ‘या भजनाच्या प्रेरणेने कोपलंड यांनी ही रचना केली’ असे लिहायचा मोह कुणालाही होईल. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. त्या भागातले स्वरमेळ, म्हणजे एकाच वेळी वाजणाऱ्या स्वरांच्या जुळण्या, त्यांनी कुठल्याही चालीचा विचार न करता आधी बांधले होते. नंतर जुन्या अमेरिकन संगीताचा एक संग्रह चाळताना त्या मेळांवर हे भजन चपखल बसते असे त्यांच्या लक्षात आले. हे त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवले आहे, आणि मला तर ती हकिकत ‘प्रेरणे’च्या आवृत्तीपेक्षा कितीतरी अधिक मनोरंजक वाटते.

दारियुस मिलो यांच्या ‘स्वीट फ्रांसेझ’मध्ये (स्वीट म्हणजे छोट्या भागांची मालिका असलेली रचना) याउलट तिन्ही रकाने नीट भरतात. युद्धामुळे फ्रान्स सोडून अमेरिकेत आलेल्या या संगीतकाराने १९४४ मध्ये शाळकरी बँडना झेपेल अशी रचना केली, तिच्या पाच भागांना नॉर्मंडी, ब्रिटनी अशी फ्रेंच प्रांतांची नावे दिली आणि त्या त्या प्रांतातल्या चाली वापरल्या. ज्या भूमीवर अमेरिकन मुलांचे वडील आणि भाऊ लढत होते, तिथली गाणी त्या मुलांनी ऐकावीत हा हेतू होता.

चालीमागचा माणूस शोधावा

बँडच्या संगीतात लोकगीतांवर आधारलेल्या रचना खूप आहेत आणि तिथे निवेदक हमखास गाण्याची कथा सांगून मोकळा होतो. पर्सी ग्रेंजर यांच्या ‘लिंकनशर पोझी’च्या बाबतीत तेवढ्यावर थांबणे म्हणजे मुद्दाच चुकवणे. ऑस्ट्रेलियात जन्मलेले ग्रेंजर १९०५ आणि १९०६ मध्ये इंग्लंडमधल्या लिंकनशर परगण्यात हिंडून वृद्ध गायकांकडून गाणी गोळा करत होते. पुढे त्यांनी मेणाच्या नळीवर ध्वनी उमटवणारा फोनोग्राफही सोबत नेला आणि तोच या कामात निर्णायक ठरला, कारण यंत्रावर तीच ओळ पुन्हापुन्हा ऐकता येत असल्यामुळे गायक कुठे रेंगाळतो, कुठे घाई करतो, कोणत्या कडव्यात कोणती हरकत बदलतो, हे सगळे त्यांना टिपता आले. तीस वर्षांनी, १९३७ मध्ये, त्यांतली सहा गाणी घेऊन त्यांनी बँडसाठी ही रचना केली आणि त्या गायकांनाच ती अर्पण केली. प्रत्येक भाग हे त्या गायकाचे स्वरचित्र आहे असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

म्हणजे त्यातला ‘हॉर्कस्टो ग्रेंज’ हा भाग ऐकवताना मालक आणि गडी यांच्या भांडणाची कथा एका वाक्यात आटपावी आणि ते गाणे गाणाऱ्या जॉर्ज गोल्डथॉर्प यांच्याविषयी बोलावे: हाडकुळे, कष्टांनी पिचलेले, आवाज काहीसा खरखरीत, आणि तरी गाण्यात विलक्षण माया. ‘रफर्ड पार्क पोचर्स’ हे १८५१ मध्ये चोरून शिकार करणारे आणि रखवालदार यांच्यात झालेल्या मारामारीचे गाणे. तिच्यात एक रखवालदार प्राणाला मुकला. ते ज्यांनी गाऊन दिले त्या जोसेफ टेलर यांच्या गळ्यात हरकती आणि मुरक्या भरपूर होत्या. १९०८ मध्ये त्यांच्या आवाजाच्या तबकड्याही निघाल्या, आणि ते ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळते. निवेदन लिहिण्यापूर्वी ते अवश्य ऐकावे. या भागात वाद्यांची एक जोडी चाल म्हणते, दुसरी जोडी किंचित मागून तीच म्हणते आणि मात्रांची संख्या ओळीओळीला बदलते; समेची वाट पाहणाऱ्या आपल्याकडच्या श्रोत्याची इथे पुरती पंचाईत होते. टेलर यांचा आवाज कानात असला की हा गणिती खेळ नसून एका म्हाताऱ्याची गाण्याची तऱ्हा कागदावर उतरवण्याचा खटाटोप आहे, हे आपोआप उमगते.

१९३७ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी इथे झालेल्या ‘लिंकनशर पोझी’च्या पहिल्या प्रयोगात काही भाग अवघड म्हणून वगळावे लागले. ग्रेंजर यांनी नंतर टोमणा मारला की या लयीला बिचकतात ते मुरलेले धंदेवाईक वादक, ज्यांना संगीतापेक्षा बिअरची काळजी अधिक. हा किस्सा सभागृहात हशा मिळवतो खरा, परंतु शाळेच्या कार्यक्रमात तो सांगावा की नाही ते निवेदकाने ठरवावे. मी तो टाळेन.

गोष्ट नसेल तिथे ती रचू नये

इंग्लिश संगीतकार गुस्ताव होल्स्ट यांचा १९०९ सालचा ‘फर्स्ट स्वीट इन ई फ्लॅट’ हा बँडच्या संगीतातला पायाचा दगड मानला जातो, आणि त्यामागे सांगण्याजोगी कुठलीही कथा नाही. इथे मराठी निवेदकाला एक खास मोह होतो. होल्स्ट संस्कृत शिकले होते, त्यांनी ऋग्वेदातल्या सूक्तांना स्वरसाज चढवला, ‘सावित्री’ नावाचा छोटा ऑपेराही लिहिला. मग या स्वीटमध्येही वेदांचे पडसाद आहेत असे म्हणून टाळ्या घ्यायला काय हरकत आहे? हरकत एवढीच की त्याला आधार नाही. होल्स्ट यांनी सांगितले आहे ते असे की तिन्ही भाग एकाच स्वरवाक्यावर उभे आहेत, म्हणून रचना मध्ये न थांबता वाजवावी. तेच सांगावे. ट्यूबा आणि युफोनियम (ट्यूबासारखेच, पण लहान पितळी वाद्य) सुरुवातीला जे वाक्य म्हणतात ते वादकांकडून एकदा वेगळे वाजवून घ्यावे, आणि पुढे ते कुठे कुठे, कोणत्या वेषात भेटते ते ओळखायला श्रोत्यांना सांगावे. त्यांचा संस्कृतचा अभ्यास संगीतकाराच्या परिचयात एका ओळीत यावा, प्रेरणा म्हणून येऊ नये.

दुःखद प्रसंगाच्या रचना

फ्रँक टिकेली यांची ‘अ‍ॅन अमेरिकन एलिजी’ ही २० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये झालेल्या गोळीबारातील बळींच्या स्मरणार्थ आहे. एप्रिल २००० मध्ये त्याच शाळेच्या बँडने ती प्रथम वाजवली. अशा वेळी घटनेचा तपशील, आकडे, हल्लेखोरांचा उल्लेख यांपैकी काहीही नको. प्रसंग, तारीख आणि पहिला प्रयोग कुणी केला एवढे सांगून लगेच संगीताकडे यावे: शाळेच्या गीताचा अंश रचनेत गुंफलेला आहे आणि एक ट्रम्पेट मंचाबाहेरून वाजतो. हे दोन्ही ऐकू येते, म्हणून पुरेसे आहे. वादक मुले त्याच वयाची असतील तर मजकूर त्यांना कार्यक्रमाच्या दिवशी नव्हे, तालमीच्या काळातच वाचायला द्यावा.

प्रत्यक्ष लेखन

एका रचनेसाठी बोलून सुमारे एक मिनिट, म्हणजे शंभराच्या आसपास शब्द, हे प्रमाण सहसा जुळते. पहिला खर्डा झाल्यावर प्रत्येक वाक्याला एकच कसोटी लावावी: हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही रचनेपुढे चालेल का? ‘हे गीत युद्धाच्या भीषणतेचे आणि मानवी मनाच्या हळुवार भावनांचे हृद्य दर्शन घडवते’ असे ‘लिंकनशर पोझी’तल्या ‘लॉर्ड मेलबर्न’ या भागाबद्दल लिहिले तर ते शंभर रचनांपुढे चालते, म्हणून ते काढावे. त्याऐवजी असे लिहिता येईल: ‘जॉर्ज रे लहानपणी विटांच्या कारखान्यात राबले आणि पुढे जहाजावर आचारी झाले. एका सेनापतीचे हे रणगीत ते स्वतःच्या मर्जीच्या लयीत, खणखणीत गात. पितळी वाद्ये सुरुवात करतील तेव्हा ठेका शोधू नका. संगीतकाराने तो तिथे ठेवलेलाच नाही.’ माणूस, गाणे आणि ऐकण्याची खूण या तिन्ही गोष्टी यात आल्या आणि विशेषणांची गरज पडली नाही.

परकी नावे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे लिहून घ्यावीत आणि बँडच्या संचालकासमोर एकदा मोठ्याने वाचून दाखवावीत. त्याच बैठकीत कोणते भाग प्रत्यक्षात वाजणार आहेत तेही विचारून घ्यावे, कारण ‘लिंकनशर पोझी’सारख्या सहा भागांच्या रचनेतले तीनच भाग वाजवायचे असे बँड अनेकदा ऐनवेळी ठरवतात; तसे झाल्यास न वाजणाऱ्या भागांची वाक्ये काढावीत आणि उरलेल्यांचा क्रम नव्या पत्रिकेशी पडताळून पाहावा.