ट्रे उघडण्याआधी: लैंगिक अत्याचाराच्या केसमध्ये या चुका टाळा

मी इंटर्न होते तेव्हाची गोष्ट. वीस-एकवीस वर्षांची एक मुलगी रात्री कॅज्युअल्टीच्या बाकावर अडीच तास बसून होती. महिला कॉन्स्टेबल यायची होती म्हणे. लघवीला लागली तरी सिस्टरनी जाऊ दिलं नाही, "नमुने जातील." शेवटी मी नमुने घ्यायच्या सामानाचा ट्रे घेऊन गेले आणि म्हणाले, "झोप, पटकन होईल." ती उठली आणि सरळ निघून गेली. गर्भनिरोधक गोळी नाही, एचआयव्ही टाळायची औषधं, म्हणजे पीईपी, नाही. केसपेपरवर सरांनी लिहिलं, 'रुग्ण सहकार्य करत नाही'.

तेव्हापासून माझा क्रम बदलला. पाणी देण्याआधी तोंडाचा स्वॅब (कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) लागणार का, एवढंच विचारते. मग लगेच गोळ्या. पीईपी ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवी, जितकी लवकर तितकी बरी, आणि पुढे २८ दिवस. ट्रे त्यानंतर. स्टूल ओढून बसते, "आता हात बघते, नको वाटलं तर सांग," असं म्हणत एकेक पायरी. ती थांब म्हणाली की थांबायचं. तपासणीला नकार म्हणजे उपचाराला नकार नव्हे. संमतीपत्रात दोन्ही वेगळं लिहा. यात वेळ जातो अशी नव्या पोरांची कुरकुर असते. सलाइन लावताना तीनदा टोचता, तेव्हा बरा वेळ असतो!

"आधी पोलिसांचं पत्र आणा" हे तर बंदच करा. बाई थेट आली तरी उपचार तिथेच, मोफत. खासगी दवाखान्यालाही तेच लागू. नाकारलंत तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली वर्षभरापर्यंत कैद आहे. पोलिसांना कळवायचं काम आपलं.

दोन बोटांची चाचणी, म्हणजे योनीत बोटं घालून बाई संभोगाला 'सवयीची' आहे का ते बघणं, करू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तिला गैरवर्तन ठरवलंय. 'सवयीची' हा शब्दही नको.

जखमा दिसल्या नाहीत म्हणून 'अत्याचार झाला नाही' असं लिहू नका. तो निष्कर्ष काढणं आपलं कामच नाही.

तपासताना पोलीस खोलीबाहेर. महिला पोलीससुद्धा.

आणि पुराव्याचे ओले कपडे कॅरीबॅगेत कोंबू नका, बुरशी धरते. सावलीत वाळवून कागदी पाकिटात, प्रत्येक कपडा वेगळा. स्टोअरमध्ये पाकिटं कधीच वेळेवर मिळत नाहीत, म्हणून एक गठ्ठा माझ्या ड्रॉवरमध्ये असतो.