ग्लायडर शेतात उतरवायची वेळ आली तर

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान; त्याला थर्मल (वर चढणारी गरम हवा) मिळेना आणि एअरफिल्ड लांब, असं झालं की हट्ट सोडायचा. जमिनीपासून 2000 फुटांवर उतरण्याजोगा एरिया बघा, 1500 पर्यंत एकच शेत पक्कं करा आणि 1000 ला सर्किट (उतरण्याआधी शेताच्या कडेने घ्यायची ठरलेली फेरी) सुरू, मग परत थर्मल शोधत बसायचं नाही म्हणजे नाही, उशीरच घात करतो. पुण्याकडे ऊस दिसला की सोडा, उंच पिकात पंख अडकला की ग्लायडर गर्रकन फिरतं, कापणी झालेलं शेत बरं. तारा वरून दिसत नाहीत, म्हणून खांब शोधा आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असं धरा. वाऱ्याच्या तोंडावर उतरा, पण शेत उतरतं असेल तर चढाकडेच. उतरल्यावर आधी शेतमालकाला भेटा, आणि जमलेल्या पोरांना कॅनपीपासून (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणापासून) लांब ठेवा.